मनोहरदादा रस्ता चुकले नव्हते

फोन आला तेव्हा मी नेपरव्हिलच्या स्टेशनवर शिकागोच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. फलाटावरचा बर्फ ओढून कडेला ढीग केले होते आणि माणसं त्या ढिगांमधून वाट काढत आपापल्या डब्याच्या जागी उभी राहत होती. फोन रेवाचा होता, मनोहरदादांच्या मुलीचा. ती डेन्व्हरला शाळेत इतिहास शिकवते. दादांना दवाखान्यात ठेवल्यापासून इथेच होती. "अनिलकाका," ती म्हणाली, "बाबा इज गॉन. अर्धा तास झाला." मी "ओके" म्हणालो. मीटिंगची वेळ बदलली असं कुणी कळवल्यावर म्हणतो तसं, ओके. मग गाडी आली आणि सवयीने मी तिच्यात चढलोही. दोन स्टेशनं गेल्यावर भानावर आलो, उतरलो, आणि परतीच्या गाडीसाठी समोरच्या फलाटावर जाऊन बसलो. गाडीला वेळ होता. तेवढ्या वेळात जे मनात आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं की आता मला सांगता येणार नाही. आणि त्याच्या मागोमाग, लाज वाटते पण लिहितो, आता कुणाला कळणारही नाही.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये शंभर-सव्वाशे माणसं होती. मराठी मंडळाची होती, दादा ज्या काउंटीत नोकरीला होते तिथली गोरी, मेक्सिकन, काळी माणसं होती, शनिवारच्या आमच्या सायकलवाल्यांतली झाडून सगळी होती. रेवा इंग्रजीत बोलली. फार चांगलं बोलली. वडिलांनी तिला नकाशा वाचायला शिकवलं तेव्हा ती सहा वर्षांची होती, हे सांगितलं. आणि मग रडता रडता हसून म्हणाली की जगातला प्रत्येक रस्ता कागदावर उतरवणारा हा माझा बाबा स्पेनमध्ये दिवसभर हरवला होता, आणि संध्याकाळी चेरी घेऊन उगवला. सगळे हसले. अशा वेळी जे हसू हवंसं वाटतं तसं, ओल्या डोळ्यांचं. मीही हसलो.

ती गोष्ट खोटी आहे. हा लेख मी त्यासाठी लिहितो आहे.

मनोहर खडतकर मूळचे नागपूरचे. इथे शिकायला आले आणि शिक्षण संपल्यावर शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका काउंटीत वाहतूक खात्यात लागले. एकतीस वर्षं त्यांनी ट्रॅफिक सिग्नलच्या वेळा ठरवल्या. कुठल्या चौकात हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा, शाळा सुटताना किती, पाऊस पडत असेल तर किती... आपण ज्याच्याकडे फक्त वैतागून पाहतो त्या खांबामागे एक माणूस बसून विचार करत असतो हे मला दादांमुळे कळलं. त्यांच्या शेजारी बसून गाडीतून जायचं म्हणजे एखाद्या वतनदाराबरोबर फिरायचं. "हा माझा," ते म्हणायचे. "हाही माझा. तो पलीकडचा राज्य सरकारचा, म्हणून असा येड्यावानी वागून राहिला." एका चौकात वृद्धाश्रम होता. तिथे रस्ता ओलांडायला माणसांना चार सेकंद जास्त मिळावेत म्हणून त्यांनी वरिष्ठांशी दोन वर्षं भांडण केलं होतं. मिळाले. त्या चौकात मी आजही थांबलो की ते चार सेकंद मोजतो.

त्रेपन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी साखरेबद्दल दम भरला आणि दादांनी सायकल घेतली. वर्षभरात त्यांच्यामागे आम्ही दहा-बारा जण लागलो होतो. मी तेव्हा नुकताच सांता क्लाराहून इथे बदलून आलो होतो, ओळखी नव्हत्या, पोट सुटलं होतं. पहिल्या शनिवारी दुकानातून नवी कोरी आणलेली सायकल घेऊन नदीकाठच्या पार्किंगमध्ये उभा राहिलो तर एक उंच, किडकिडीत, करड्या मिशांचा माणूस माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "काहून बे, सीट इतकी खाली काहून ठेवली? वरातीत चालला का?" आणि खिशातून पाना काढून गुडघ्यावर बसला. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा माणूस, पहिल्याच भेटीत माझ्या पायाशी बसून माझी सीट वर करत होता. "पाय सरळ झाला पाहिजे न. नाहीतर गुडघे जाते, मंग बायको मलाच शिव्या देते."

दादांचा एक नियम होता. तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सायकलवाल्यांचा जथा लांबत जातो. पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून जिथे रस्ता वळतो तिथे पुढच्यांपैकी एकाने थांबायचं आणि मागून येणाऱ्यांना दिशा दाखवायची. सर्वांत शेवटचा माणूस येईपर्यंत त्याने तिथून हलायचं नाही. याला आम्ही वळणाचा माणूस म्हणायचो. चौकात माणूस दिसला तर तो दाखवेल तिकडे वळायचं. माणूस नसेल तर डोकं न चालवता सरळ जायचं. आणि सर्वांत शेवटी कायम दादा. कुणी पंक्चर झालं, कुणाला दम लागला, कुणी चक्क झाडाखाली बसून राहिलं, तरी दादांच्या मागे कुणी उरत नसे. आमच्यातला समीर एकदा म्हणाला, "दादा, तुम्ही लीडर ना यार, मग पुढे का नाही राहत?" दादा म्हणाले, "पुढे राहून काय पाहू? रस्ता तर मला माहीतच आहे. तुम्ही लोकं माहीत नाही."

स्पेनची कल्पना त्यांची. काउंटीच्या सिग्नल दुरुस्तीच्या टोळीत एक मेक्सिकन मुकादम होता, त्याच्याकडून दादा डबा खाता खाता स्पॅनिश शिकले होते. मग एका हिवाळ्यात त्यांनी वाचनालयातून स्पेनचे नकाशे आणले आणि बेसमेंटमध्ये टेबलावर पसरले. दक्षिणेतल्या सेव्हिलपासून उत्तरेच्या समुद्रापर्यंत रोमन लोकांनी वापरलेला एक जुना मार्ग आहे. त्याच्या आजूबाजूच्या लहान रस्त्यांनी, गर्दी टाळत, सायकलने जायचं. अर्धा प्रवास एका वर्षी, सालामांकापर्यंत. उरलेला अर्धा पुढे कधीतरी. तीन हिवाळे ते त्यावर काम करत होते. स्पेनला ते आयुष्यात गेले नव्हते. उपग्रहाच्या चित्रांवरून, रस्त्यांच्या फोटोंवरून, चढांच्या आकड्यांवरून त्यांनी प्रत्येक दिवसाची एक लांब पट्टी तयार केली. हँडलवर बसेल इतकी रुंद, त्यांच्या पत्नी नलिनीवहिनींनी प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलेली. मजकूर सगळा मराठीत, बारीक गोल अक्षरात. "इथे चर्चचा मनोरा, वर करकोच्यांचं घरटं, त्यानंतर उजवीकडे." "पाण्याचा नळ, थंड असावं." "दोन वाजता जेवण मिळेल. चारनंतर गावात कुत्रंही भेटणार नाही." आणि एका मोठ्या चढाच्या पायथ्याशी फक्त, "बोलू नका."

मे महिन्याच्या शेवटी आम्ही चौघे गेलो. दादा, मी, समीर आणि श्रीरंग. समीर मुंबईचा, श्रीरंग पुण्याचा, दोघेही माझ्यासारखे संगणकवाले. आणि मी तुम्हाला खरं सांगतो, त्या पट्टीवर जे लिहिलं होतं ते तिथे होतं. सेव्हिल सोडून टेकड्यांत शिरलो तेव्हा ज्या वळणावर त्यांनी नळ लिहिला होता तिथे नळ होता, आणि पाणी थंड होतं. ओकच्या झाडांखाली काळी डुकरं चरत होती, शेतांच्या कडेला लाल अफू फुलली होती, आणि एकेका मनोऱ्यावर तीन-तीन घरटी घेऊन करकोचे चोची वाजवत उभे होते. प्रत्येक मनोरा आला की श्रीरंग ओरडायचा, "दादा, पास!" मेरिदाला नदीवरचा लांबलचक रोमन पूल आहे, त्यावर आता फक्त पायी जाता येतं. सायकली हातात धरून आम्ही चाललो होतो. दादा मध्येच थांबले, कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. "दोन हजार वर्षं," ते म्हणाले. "अन् आमच्या काउंटीचा पूल, तीस वर्षांत दोनदा बंद." पुढच्या दिवशी कासेरेसच्या जुन्या गावात, त्या मधाच्या रंगाच्या दगडी गल्ल्यांमधून, त्यांनी आम्हाला पट्टीकडे न पाहता मधल्या चौकापर्यंत नेलं. हॉटेलच्या मालकिणीने विचारलं, तुम्ही आधी कधी आला होतात? दादा स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाले आणि ती खो खो हसली. "काय सांगितलं?" मी विचारलं. "म्हटलं, मागच्या जन्मी इथे सिग्नलवाला होतो."

प्लासेन्सिया हे पुढचं गाव. तिथून आम्हाला उत्तरेच्या दरीतून एर्वास नावाच्या गावी जायचं होतं, अर्ध्या दिवसाचा सोपा रस्ता. त्या दिवशी मंगळवार होता आणि मंगळवारी प्लासेन्सियाच्या मुख्य चौकात बाजार भरतो. भाज्यांचे, पनीरचे, कपड्यांचे तंबू लागले होते आणि पट्टीवर लिहिलेला गावाबाहेरचा रस्ता बंद होता. दुसऱ्या बाजूने बाहेर पडलो तोच समीरने कपाळावर हात मारला. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा हॉटेलच्या बाथरूममध्ये राहिला होता. दादा म्हणाले, "मी आणतो. हॉटेलच्या बाईशी बोलायला मीच लागतो. तुम्ही रस्ता काढत पुढे व्हा, ऊन होण्याआधी. वळणावर माणूस ठेवजा."

श्रीरंग पुढे, मग समीर, मग मी. गावाबाहेर एक मोठा गोल चौक आला. सरळ जाणारा रस्ता हेर्तेच्या दरीत जातो, चेरीच्या बागांच्या. आम्हाला डावीकडे वळायचं होतं. ते दोघे वळले आणि वळणाचा माणूस म्हणून मी थांबलो.

फोन वाजला. पुण्याच्या टीमचा होता. निघण्यापूर्वी आम्ही चौघांनी ठरवलं होतं की स्पेनमध्ये ऑफिसचे फोन घ्यायचे नाहीत, आणि मी दोन दिवस चोरून घेत होतो. ट्रक जात होते, काही ऐकू येईना, म्हणून समोरच्या पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या दुकानात शिरलो. दोन मिनिटं, असं मनाशी म्हणालो. बाहेर आलो तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. चौकात कुणी नव्हतं. मी आणखी थोडं थांबलो, आणि थांबता थांबता मला समजत गेलं की दादा केव्हाच येऊन गेले असणार. डावीकडे गावाच्या नावाची पाटी होती. ती त्यांनी वाचली असेल, ते पुढे असतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि जोरात सायकल मारत सुटलो. पुढच्या गावात समीर आणि श्रीरंग सावलीत बसले होते. दादा नव्हते.

"दादा कुठेत?" समीरने विचारलं.

"येतायत. मागेच आहेत," मी म्हणालो.

याला मी आजवर चूक म्हणत आलो. फोन घेतला ती चूक होती. हे खोटं होतं. त्या वेळी मी "मी चौकात नव्हतो" एवढं म्हटलं असतं तर आम्ही मागे फिरलो असतो आणि तासाभरात ते सापडले असते. पण आम्ही रमतगमत एर्वासला गेलो, जेवलो, आणि दोन वाजले तेव्हा श्रीरंग पहिल्यांदा म्हणाला, "अरे, काहीतरी झालंय." दादांनी त्यांच्या फोनवर परदेशातली सेवा घेतलीच नव्हती, "माझ्यापाशी कागद आहे" म्हणायचे. हॉटेलवालीने पोलिसांना कळवलं. समीर रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मी जुन्या ज्यू वस्तीतल्या लाकडी खांबांच्या, मातीच्या घरांमधून उगाच खालीवर फिरत राहिलो. सव्वापाचला ते आले, पण आम्ही पाहत होतो त्या बाजूने नाही. गावाच्या वरून, डोंगरातून उतरत आले. चेहरा उन्हाने काळा-तांबडा, ओठांवर मीठ, आणि हँडलला चेरीने भरलेली कापडी पिशवी. सायकलवरून उतरताना त्यांचा पाय लटपटला. पाठपिशवीतून त्यांनी गोळ्यांचा डबा काढला आणि समीरच्या हातात दिला.

"घे. सकाळची राहिली न तुझी? आता घेऊन टाक."

"दादा, तुम्ही होतात कुठे?"

"वळण चुकलं माझं. पाटी वाचली नाही. मंग दुसऱ्या दरीत गेलो, तर तिथून डोंगर चढून आलो. चेरी खा."

सगळे त्यांच्याभोवती जमले. वळणावर माणूस होता की नाही, हे त्या धांदलीत कुणी विचारलं नाही. मी मागे उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे टाळलं असंही नाही. मूठभर चेरी काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि पुढच्याला दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकली बाहेर काढताना आम्ही दोघेच होतो. "दादा, काल..." मी सुरुवात केली. ते माझ्या मागच्या चाकाकडे पाहत म्हणाले, "चेन साफ कर तुझी. आवाज येऊन राहिला." आणि मी, देवाशपथ, खाली बसून चेन साफ करायला लागलो.

परत आल्यावर ती गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. चेरीवाले दादा हे नाव पडलं. शनिवारी पार्किंगमधून निघताना कुणीतरी म्हणायचंच, "दादा, घर कुठल्या दिशेला आहे, लक्षात आहे ना?" मंडळाच्या कार्यक्रमात त्यावर एक नाटुकलं झालं, समीरने मिशा लावून दादांचं काम केलं, आणि पहिल्या रांगेत बसलेले दादा सर्वांत मोठ्याने हसत होते. वहिनी त्यांना दुकानात पाठवताना म्हणायच्या, "कोथिंबीर आणा, चेरी घेऊन येऊ नका." मी प्रत्येक वेळी हसायचो. हसण्याची एक सवय होते.

आणि मग दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात उत्तरेच्या अर्ध्या प्रवासासाठी श्रीरंगकडे बैठक झाली. या वेळी आठ जण यायचे होते. दादा सगळ्या पट्ट्या घेऊन आले होते, तयार. श्रीरंगने फार हळुवारपणे विषय काढला. माणसं वाढली आहेत, जबाबदारी मोठी आहे, एक टूर कंपनी आहे, त्यांचा वाटाड्या असतो, मागे गाडी असते... "आणि मागच्या वेळी जरा टेन्शनच झालं होतं ना, दादा." बोलण्याची पाळी माझी होती. त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं की मागच्या वेळी काय झालं होतं. मी बशीतला चिवडा उचलला. दादांनी पट्ट्यांना रबर लावलं. "बराबर आहे," ते म्हणाले. "माणसं जास्त आहेत. गाडी पाहिजेच." ते आले नाहीत त्या प्रवासाला. गुडघ्याचं कारण सांगितलं. मी गेलो. हँडलवरचं यंत्र शिटी वाजवायचं, मी वळायचो. दहा दिवसांत काय पाहिलं ते मला आज सांगता येणार नाही.

जानेवारीत त्यांचं दुखणं निघालं तेव्हा फार उशीर झालेला होता. दवाखान्यात मी शेवटचा भेटलो त्या दिवशी ते उशीला टेकून बसले होते, आवाज बारीक झाला होता. मनाशी ठरवून गेलो होतो की आज सांगायचंच. त्यांनीच विचारलं, "उत्तरेचा रस्ता कसा होता रे? तू नीट सांगितलंच नाही कधी." मी सांगू लागलो. सालामांकाच्या पुढे मैदान आहे, गहू आहे, वारा फार... "सामोराच्या अलीकडे एक टेकडी लागते," ते डोळे मिटून म्हणाले, "तिथून नदी अन् गाव एकदम दिसते. थांबला होता का?" मला आठवेना. गाडी पुढे होती, आम्ही तिच्या मागे होतो. "हो, थांबलो होतो," मी म्हणालो. "छान दिसते न?" "फार छान." म्हणजे शेवटच्या भेटीतही मी त्यांच्याशी खोटंच बोललो. तेवढ्यात नर्स आली.

तेराव्यानंतर आठवड्याने वहिनींचा फोन आला. "अनिलभाऊ, यांच्या बेसमेंटातले कागद आवरून राहिले. एक कागद मला समजत नाही. येता का?"

मी गेलो. टेबलावर त्या मंगळवारची पट्टी होती. ती त्यांनी प्लॅस्टिकच्या बाहेर काढली होती. मागच्या कोऱ्या बाजूवर दादांचं अक्षर होतं, पेन्सिलीने, सायकलवर थांबून थांबून लिहिलेलं, मध्ये मध्ये वेळ टाकलेली. वहिनींनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं.

"चौकात माणूस नाही. म्हणजे पोरं सरळ गेली. पाटी डावीकडे आहे, चुकली असतील. त्यांच्या मागे जातो. पावणेअकरा, नावाकोन्सेहो, दुकानात विचारलं, तीन सायकलवाले पाहिले नाहीत. सव्वाअकरा, काबेस्वेला, दोन ठिकाणी विचारलं. नाही. पुढच्या गावापर्यंत पाहून येतो. साडेबारा, कुणीच आलेलं नाही. म्हणजे ती बराबर गेली. बरं झालं. परत फिरलो तर संध्याकाळ. डोंगरावरून एर्वासला रस्ता आहे. आजीने चेरी दिल्या, पैसे घेईना."

वहिनींनी चष्मा काढला. "हे तर हरवले होते न? मग हे दुसऱ्यांना काहून शोधून राहिले?"

हे मलाही माहीत नव्हतं. मला वाटत आलं होतं की माझ्यामुळे ते वाट चुकले. त्यांनी पाटी वाचली होती. रस्ता कुठला हे ते एक क्षणही विसरले नव्हते. चौकात माणूस नाही याचा त्यांनी एकच अर्थ लावला, की आम्ही चुकलो. आणि आमच्या मागे कुणी नाही असं व्हायला नको म्हणून ते जाणूनबुजून चुकीच्या रस्त्याने गेले. गावागावात थांबून आम्हाला शोधत गेले. आणि आम्ही सुखरूप आहोत अशी खात्री झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, जवळजवळ हजार मीटरचा डोंगर एकट्याने चढून समीरच्या गोळ्या घेऊन आले. आमच्यापैकी एकाच्याही अंगात ती ताकद नव्हती, आजही नाही.

मी वहिनींना सगळं सांगितलं. फोन, पेट्रोल पंप, "मागेच आहेत", श्रीरंगकडची बैठक, चिवडा. काही वगळलं नाही. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. त्या उठून उभ्या राहिल्या.

"मी त्यांना चिडवलं हो, अनिलभाऊ," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं. दर वेळी घराबाहेर पडताना. तुमच्या एका शब्दाने मला ते पाप लागलं नसतं." त्यांनी पट्टी माझ्यासमोर सरकवली. "काढा फोन," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना ऐकू येईल असा लावा. माझ्यासमोर सांगा."

पहिला समीरला लावला. त्याला सगळं सांगितलं. "नाटकात मी मिशा लावल्या होत्या यार," एवढंच म्हणाला, आणि मग शिवी घातली मला. वहिनी ऐकतायत हे माहीत असून घातली. श्रीरंगने विचारलं, "बैठकीत का नाही बोललास?" वहिनींनी पट्टी उचलून त्याला ती मागची बाजू मोठ्याने वाचून दाखवली. वाचताना त्यांचा आवाज बदलत गेला. काबेस्वेलापर्यंत तो कापत होता, डोंगराच्या ओळीला तो सरळ झाला. एखाद्याचा निकाल वाचावा तशी मान वर करून त्यांनी ती ओळ वाचली. श्रीरंग म्हणाला, "परत वाचा, वहिनी." त्यांनी परत वाचली.

"आता रेवा," त्या म्हणाल्या.

हा फोन मला नको होता. त्या मुलीने सगळ्यांसमोर उभं राहून, वडिलांच्या देहाशेजारी, माझं खोटं सांगितलं होतं. शाळेची मधली सुट्टी होती. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मी बोलायला लागलो तसा तो गलका लांब गेला, ती कुठल्यातरी खोलीत शिरली असावी.

"सो ही वॉजन्ट लॉस्ट," ती म्हणाली.

"नाही."

"तो तुम्हाला शोधत होता. पूर्ण दिवस?"

"अर्धा दिवस. मग डोंगर चढला."

"काका, आय एम रिअली अँग्री विथ यू. आय थिंक आय विल बी, फॉर अ व्हाइल."

"हो," मी म्हणालो.

"पण परत सांगा. फ्रॉम द बिगिनिंग, हळूहळू. मला लिहून घ्यायचंय. आय टोल्ड एव्हरीबडी द राँग स्टोरी."

पेन शोधण्याचा आवाज आला. वहिनींनी खुर्ची ओढून घेतली, पट्टी टेबलावर सरळ केली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मी सुरुवात केली. प्लासेन्सिया, मंगळवारची सकाळ, गावाबाहेरचा गोल चौक. तिथे मी उभा असायला हवा होतो.